हिंदमाता ते वळिवडे

१४ एप्रिल २०२५, सोमवार

सकाळपासून नायगावच्या बाजूने ढोल वाजतायत. बाबासाहेबांची जयंती हा आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. दूधवाला निळ्या पताकांखालून सायकल हातात धरून तासभर उशिरा आला, पण त्याच्याच शर्टावर निळा बिल्ला. मग बोलणार काय!

संध्याकाळच्या बातम्यांत भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या स्मारकाला वाहिलेली फुलं दाखवली. जेमतेम दहा सेकंद. आजच्याच तारखेला १९४४ साली व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. असली भरणी करायची अक्कल युद्धातच सुचते. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, एकूण माणसं आठशेच्या वर, बेघर झाले ऐंशी हजार. बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या, आणि लोक अजून गोष्ट सांगतात ती त्या विटांची.

सासूबाई मात्र वेगळी गोष्ट सांगायच्या. तेव्हा त्या लग्न होऊन परळच्या चाळीत नुकत्याच आलेल्या. फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली आणि जिन्यात कुणीतरी ओरडलं, ‘जपान आला!’ शेजारणीचा नवरा गोदीत हमाल होता. तो घरी आला नाही. प्रेतही मिळालं नाही. मग प्रश्न आला, हिनं कुंकू पुसायचं कधी? गावाकडून दीर आला, तो म्हणाला दिवस घालून टाका. ती म्हणाली, बघितल्याशिवाय नाही. चाळीतल्या बायकांनी यावर चर्चा केली नाही. तिला एकटीला चूल पेटवू द्यायची नाही एवढं आपसात ठरलं आणि रोज कुणी ना कुणी पीठ घेऊन तिच्या दारात जाऊन बसू लागलं. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, हे तेवढं उरलं. सासूबाई सांगायच्या, ‘त्या वर्षी आमच्या मजल्यावर कुणीच हळदीकुंकू केलं नाही.’

१६ एप्रिल, बुधवार

आमच्या बुधवारच्या वाचन मंडळात यंदा दुसरं महायुद्ध घेतलंय, संपून ऐंशी वर्षं होतायत म्हणून. मी इतिहासाची शिक्षिका, त्यामुळे हिटलर माझ्या गळ्यात पडणार होता. मी म्हटलं, हिटलर कुणीही सांगेल, मी वळिवडे घेते.

‘वळिवडे कुठल्या देशात?’ असा प्रश्न आला. माझं माहेर कोल्हापूर, तरी मी शांत राहिले.

कोल्हापूर-मिरज रेल्वेवर, कोल्हापूरच्या अगदी जवळ. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. माणसं सुमारे पाच हजार, त्यांत पुरुष अगदी थोडे. बायका आणि मुलं. लांबच लांब बराकी, कौलारू छपरं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, पुढे व्हरांडा. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ‘पोलंडवाल्या’ बायका दिसायच्या, उन्हानं लाल झालेल्या, आणि वांग्याचा भाव मराठीत पाडून मागायच्या, असं ती सांगायची. तिला त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नवल हे वाटायचं की त्या कधी एकट्या नसायच्या. दोघी-तिघी, हातात हात घालून. ‘बाजारात कसले हात धरायचे?’ असं आजी म्हणायची म्हणे.

२४ एप्रिल, गुरुवार

परवाच्या पहलगामच्या हल्ल्यानंतर टीव्ही लावायची इच्छा नाही. डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे. नवरा डोळ्यांदेखत गेलेल्या बायकांच्या तोंडासमोर माइक धरलेत आणि ‘त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं’ विचारतायत. वाचन मंडळ काल भरलं नाही. कुणी रद्द केलं नव्हतं, कुणी गेलंच नाही.

७ मे, बुधवार

पहाटे पाकिस्तानवरच्या हल्ल्याची बातमी, दुपारी भोंगे. देशभर सराव होता, इथला क्रॉस मैदानावर. गच्चीवर उभं राहिलं तर लांबून आल्यासारखं वाटलं, की मनाचेच खेळ, सांगता येत नाही. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपासून शौर्याला पूर आलाय. ज्यांच्या घरातलं कुणी कधी होमगार्डातही गेलं नाही त्यांनी सीमेची आखणी चालवली आहे.

समोरच्या वहिनींनी गट म्यूट केला. त्यांचा धाकटा फौजेत आहे, जम्मूच्या बाजूला कुठेतरी. नेमकं कुठे ते तो सांगत नाही, त्याही विचारत नाहीत. वहिनींचं माहेर साताऱ्याचं अपशिंगे, ज्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, त्यांचा स्तंभ आहे तिथे. घरटी एक तरी फौजी. त्यामुळे ‘काळजी करू नका हो’ हे वाक्य वहिनींना सांगायची सोय नाही. काल रात्री धाकट्याचा फोन आला नव्हता, आज लागत नाही.

९ मे, शुक्रवार

वहिनींनी मंगळवारी गहू भिजत घातले होते. युद्ध होवो न होवो, तिसऱ्या दिवशी ते वाटावे लागतात, नाहीतर आंबून फुकट जातात. म्हणून काल वाटले, आज कुरडया.

सकाळी सहालाच आम्ही चौघी गच्चीवर. चीक शिजवायचा म्हणजे दोघी लागतातच: एक ओतणारी, एक घोटणारी. गुठळी झाली की संपलं. वहिनी घोटत होत्या. पातेलं पायांत धरून, दोन्ही हातांनी लाटण्यासारखा दांडा फिरवत, मान खाली. चीक पांढऱ्याचा काचेसारखा झाला तरी थांबेनात. तळमजल्याच्या काकूंनी त्यांच्या हातातून दांडा काढून घेतला आणि सोऱ्या दिला. फोन जुन्या लुगड्याच्या कडेला, दगडाखाली दाबून ठेवलेला, आवाज पूर्ण मोठा करून. दोनदा वाजला. एकदा कर्ज हवंय का विचारायला, एकदा गॅसवाला.

मुलाविषयी कुणी काही बोललं नाही. बोलणं चाललं ते यंदाच्या गव्हाचं, मीठ बेताचं की कमी, कबुतरांचं. दुपारी बाराच्या उन्हात पाय भाजायला लागले तेव्हा उठलो. तीन लुगडी भरून कुरडया झाल्या होत्या. वहिनींच्या घरात त्या निम्म्यानंही संपणार नाहीत.

११ मे, रविवार

काल संध्याकाळी शस्त्रविराम. आज सकाळी नऊ वाजता धाकट्याचा फोन आला. मी त्यांच्याच ओट्यापाशी उभी होते. वहिनी म्हणाल्या, ‘जेवलास का?’ नंतर म्हणाल्या, ‘कुरडया केल्यात.’ आणि फोन नवऱ्याकडे दिला. दीड मिनिटाचं बोलणं. मग त्यांनी रात्रीची सगळी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली आणि मी पुसायला बसले.

१७ मे, शनिवार

भाचीच्या लग्नाचा बस्ता. माझ्या घरापासून हिंदमाताची दुकानं पाच मिनिटांवर, त्यामुळे अख्ख्या नात्यागोत्यात कुणाचंही लग्न ठरलं की मुक्काम माझ्याकडे. गाद्यांवर बैठक मारून साड्या बघायच्या, दुकानातल्या पोरानं घडी मोडून अंगाखांद्यावर टाकून दाखवायची, कुणी तरी ‘हाच रंग, पण जरा वेगळा’ मागायचा.

ज्या दुकानात शेवटी जमलं, तिथे गल्ल्यावर पांढऱ्या साडीतल्या एक सिंधी बाई, पंच्याहत्तरीच्या. सगळे त्यांना दादी म्हणतात. मी मानाच्या साड्यांत घासाघीस करताना कोल्हापुरी हेल निघाला असावा. दादींनी चष्मा वर केला. ‘माहेर कुठलं तुमचं?’

‘कोल्हापूर.’

‘कोल्हापुरात कुठं?’

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग आपण शेजारणी की! मी गांधीनगरची.’

गांधीनगर म्हणजेच वळिवडे. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं राहायला आली. आज तिथे कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले दुकानदार तिथून माल नेतात. दादींचा जन्म बराकीतला. आई कराचीहून बोटीनं मुंबईला आली होती, पोटात मोठी बहीण, सोबत दोन ट्रंका, त्यातली एक वाटेत गेली.

‘तुमच्या आधी तिथे कोण राहायचं, ठाऊक आहे?’ मी विचारलं.

‘गोऱ्या बायका. आई सांगायची ना. बराकीपुढं फुलं लावलेली होती त्यांनी. कागदासारखी, रंगीत. आमच्या बायकांना नावं ठाऊक नाहीत. पण पाणी घालायच्या. पहिल्या वर्षी दुसरं आपलं म्हणावं असं काय होतं?’

मग आई काय करायची, कसं निभावलं? पापड. एका बराकीतल्या सात-आठ जणी मिळून उडीद दळायच्या, लाटायच्या, पोरं डबे घेऊन विकायला जायची. हैदराबादेत ज्यांच्या घरी पापड लाटायला बाई यायची त्याही लाटायला बसल्या. सिंधमधलं हैदराबाद, दादींनी मला सांगून ठेवलं.

भाचीनं हळूच कोपर मारलं. बस्ता राहिला होता.

१८ मे, रविवार

दिवसभर वळिवडे. दादींमुळे डोकं तिथेच अडकलंय, आणि तारीखही तशीच. १८ मे १९४४ ला पोलिश फौजेनं इटलीत मॉन्ते कासिनो घेतलं. त्या फौजेतले कितीतरी जण वळिवड्यातल्या बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे.

या बायका कोल्हापूरला पोचल्या कशा, हे सलग वाचताना मध्ये पुस्तक मिटावं लागतं. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून रशिया पोलंडमध्ये घुसला. पूर्व भागातल्या लाखो माणसांना फेब्रुवारी १९४० पासून चार खेपांत मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवलं. रात्री दार वाजायचं, थोडक्या वेळात सामान बांधायचं. गुरांचे डबे, दार बाहेरून बंद, फळ्यांचे थर, मध्ये एक शेगडी आणि शौचाला जमिनीत एक भोक. बऱ्याच जणींच्या आठवणींत पहिल्या दिवशीची एकच गोष्ट येते: भोकाभोवती पडदा कशाचा करायचा. कुणीतरी चादर काढली, दोघींनी दोन टोकं धरली. नाव-गाव विचारायच्या आधी या बायका एकमेकींसाठी चादर धरून उभ्या राहिल्या होत्या.

एप्रिल १९४० च्या खेपेत तर बहुतेक सगळ्या बायका आणि मुलंच. पुरुष आधीच उचललेले. कझाकस्तानच्या माळावर लाकूड नाही, उणे चाळीसची थंडी. तिथे त्या शेण गोळा करायला, पेंढा मिसळून पायांनी तुडवायला, वाळवून रचायला शिकल्या. वकिलाची बायको, शाळेतली मास्तरीण, सरदार घराण्यातली सून. म्हणजे कोल्हापुरात आल्या तेव्हा शेणी थापणं त्यांना नवं नव्हतं! आमच्या आजीला हे कळलं असतं तर बाजारात हात धरण्याबद्दलही तिनं माफ केलं असतं.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर चाल केली आणि पोलिश लोक रातोरात स्टालिनच्या शत्रूंचे दोस्त झाले. सुटका झाली, म्हणजे कागदावर. तिथून दक्षिणेला मिळेल त्या गाडीनं, टायफस आणि भूक सोबत घेऊन. स्वतः जगेल याची खात्री नसलेल्या आयांनी मुलांना अनाथाश्रमात ठेवलं, कारण अनाथाश्रम आधी बाहेर निघणार होते. १९४२ मध्ये कॅस्पियन ओलांडून इराणचा पहलवी किनारा. कपडे जाळले, डोकी भादरली. उपाशी पोटाला एकदम चरबीचं जेवण मिळालं, त्यानंही माणसं दगावली. पुढे तेहरान, कराची, आणि मग वळिवडे. दादींची आईही कराचीहूनच निघाली होती. पाच वर्षांनी.

मुंबईतल्या पोलिश वकिलातीत कॉन्सलची बायको किरा बानासिन्स्का रेड क्रॉसचं काम बघायची. पहिली मुलं आली तेव्हा, १९४२ मध्ये, त्यांना आधी वांद्र्याला ठेवलं होतं. युद्ध संपलं, तिचा देश दुसऱ्यांच्या हाती गेला, ती भारतातच राहिली. उमादेवी म्हणून ओळखली जाणारी वांदा दिनोव्स्का दुसरी. ती तर आधीपासूनच गांधींच्या गोटातली.

पण मला राहून राहून टोचतं ते वेगळंच. एप्रिल १९४० मध्ये ज्या बायकांना डब्यात घातलं, त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे त्याच महिन्यात कातिनच्या जंगलात आणि इतरत्र डोक्यात गोळी घालून मारले जात होते. अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, पोलीस, सुमारे २२,०००. बायकांना एवढंच ठाऊक की पत्रं बंद झाली. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी त्या कबरी उघड्या केल्या, रशियानं कानावर हात ठेवले, आणि दोनच महिन्यांनी वळिवड्याची छावणी सुरू झाली. नावांच्या याद्या अर्धवट. यादीत नाव नाही म्हणजे जिवंत, की नुसतं सापडलं नाही? मॉस्कोनं गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० ला. पन्नास वर्षं!

सासूबाईंची शेजारीण आणि या, सगळ्या एकाच जागी अडकलेल्या. सवाष्ण नाही, विधवा नाही. बाहेरच्या माणसाला अशा बाईशी काय बोलावं ते कळत नाही. तिच्यासारखीच दुसरी असेल तर बोलावं लागत नाही. टपाल आलं की दोघी मिळून जायचं, रिकाम्या हातानं परतताना भाजी घ्यायची. मुलांना शाळेत घालायचं, शाळा नसेल तर काढायची, पुस्तकं नसतील तर हातानं लिहून काढायची. नाटक बसवायचं, त्याचे कपडे शिवायचे. एवढ्याशा तट्ट्याच्या भिंतींत भांडणं झाली नसतील असं मी म्हणत नाही. पाच हजार माणसांत गावगप्पाही असणार, कुणाची साखर कुणी उसनी नेली आणि परत दिली नाही, हेही असणार. असायलाच हवं.

इटलीतून इकडेही तारा येत होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्री त्याच आघाडीवर होती. रायगडातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हातात दिला गेला. वळिवड्याच्या आसपासच्या खेड्यांतही पोस्टमनची वाट बघणाऱ्या बायका होत्याच. त्यांची आणि पोलंडवाल्यांची कधी भाजीच्या पाटीवरून नजरानजर झाली असेल का, ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

आणखी एक. गेल्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूरच्या स्मारकावर फुलं वाहिली तेव्हा माहेरच्या सगळ्या गटांवर एकच संदेश: ‘आमच्या महाराजांनी पोलंडला आसरा दिला.’ अभिमान मलाही आहे. पण १९४३ मध्ये गादीवर दीड-दोन वर्षांचं मूल होतं, कारभार रीजन्सीकडे. छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. जमीन कोल्हापूरची, दूध-भाजी आजूबाजूच्या गावांची, हे खरं आणि तेही थोडं नव्हे. आत त्या बायकांना उभं केलं ते त्यांच्याच शेजारणींनी. त्यांचा स्तंभ कुणी उभारत नाही, कारण फोटो काढायला कोण उभं राहणार?

युद्ध त्यांचे नवरे जिंकले आणि घर मात्र गेलं. याल्टात सगळा पूर्व भाग रशियाच्या पदरात टाकला होता. परत जायला गावच उरलं नाही. बहुतेक जणी इंग्लंडला गेल्या, काही आफ्रिकेच्या छावण्यांत, काही ऑस्ट्रेलियाला. कोल्हापुरातच लग्न करून सून झालेल्याही निघाल्या.

रात्रीचा एक वाजला.

२६ मे, सोमवार

मे महिन्यात मान्सून! गेल्या पंच्याहत्तर वर्षांत मुंबईत इतक्या लवकर आला नव्हता म्हणतात. आणि हिंदमाता आपल्या कीर्तीला जागलं. सकाळी दहापर्यंत गुडघाभर पाणी, टीव्हीच्या गाड्या हजर. पाऊस पडला की आमचा चौक देशभर दिसतो, एरवी कुणी ढुंकून बघत नाही.

वहिनी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला परळला गेलेल्या, परत येताना अडकल्या. फोन केला तर म्हणतात, ‘मी दादींच्या दुकानात आहे, वरच्या माळ्यावर.’ कुठल्या दादी? ‘तुमच्या त्या गांधीनगरच्या. तुमचं नाव सांगितलं, त्यांनी वर घेतलं.’ मागून दादींचा आवाज येत होता, पोरांना साड्यांचे गठ्ठे वर चढवायला लावत होत्या. वहिनीही चढवत होत्या, धापा टाकत, रक्तदाबासकट.

चार तासांनी घरी आल्या त्या दादींची अख्खी वंशावळ घेऊन. मला दादींनी बहिणीचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. जरा राग आला, खोटं कशाला बोलू.

४ जून, बुधवार

वाचन मंडळात बोलले. चाळीस मिनिटं. चादरीचं सांगितलं तेव्हा खोकलाही थांबला होता. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, ‘बाई, सगळं छान, पण यात नायिका कोण? एखादी बाई धरून सांगा ना. लक्षात कसं राहणार?’

परतताना परळला राजकमलवरून आले. व्ही. शांतारामांनी याच स्टुडिओतून १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. कोटनीस सोलापूरचे, डॉक्टर झाले ते इथल्याच जी. एस. मेडिकल कॉलेजात, स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, परिचारिका असलेल्या गुओ छिंगलानशी लग्न केलं, ९ डिसेंबर १९४२ ला गेले. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचं. तिची भूमिका जयश्रीबाईंनी केली. तिकडे जपान्यांशी युद्ध संपून घरचं युद्ध पेटलेलं, आणि इकडे परळमध्ये तिच्या वैधव्यावर दिवे लावून कॅमेरा फिरत होता. ती तेव्हा तिशीत होती. पुढे तिनं दुसरं लग्न केलं, पहिला मुलगाही ऐन पंचविशीत गमावला, भारतात येऊन नणंदांना भेटली, २०१२ पर्यंत जगली. सिनेमात यातलं काही मावणार नव्हतं. नायिका असायला एकटी असावी लागते.

गृहस्थांना उत्तर मी दिलं नाही. चहा आला होता.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. दादरच्या बाजारात वडाच्या फांद्या दहा-दहा रुपयांना. वहिनी सकाळी नटूनथटून वड पुजून आल्या आणि तशाच थेट दुकानात गेल्या, दादींना आंबे द्यायला. दादींचे मालक जाऊन वीस वर्षं झाली. मी म्हटलं, ‘वहिनी, आजच्या दिवशी, त्यांना कसं वाटेल?’ वहिनी म्हणाल्या, ‘काय वाटायचंय? हापूस आहे.’

दादींची मोठी बहीण, तीच कराचीहून पोटातून आलेली, अजून गांधीनगरला असते. बराक पाडून तिथे आता तीन मजली घर आणि खाली होजिअरीचं दुकान. जुन्या ओळीतल्या दोन-चार म्हाताऱ्या अजून रोज दुपारी तिच्याकडे जमतात. आम्ही तिघींनी जायचं ठरवलंय, महिनाअखेरीला, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. दादरहून बसता येतं. तिकिटं काढली, पण खालचा बर्थ एकच मिळाला. दादी म्हणतात वयानं माझा. वहिनी म्हणतात रक्तदाबानं माझा. मी गुडघे दाखवले, कुणी लक्ष दिलं नाही.

वहिनी मोठा डबा भरून कुरडया नेणार आहेत. इथून तळून नेल्या तर सादळतील, कच्च्या नेल्या तर मोडतील, असा त्यांचा अर्धा तास फोन चालला होता. दादींनी तिकडून निकाल दिला: ‘कच्च्या आणा. तेल मिळतं गांधीनगरात.’